साथीच्या तयारीचे गुण कोणी द्यायचे? एकट्या आरोग्य खात्याने?

धागाकर्ता: देशाची साथरोगांची तयारी तपासायला जागतिक आरोग्य संघटनेचं 'संयुक्त बाह्य मूल्यमापन' (जेईई) २०१६ पासून आहे. देश आधी स्वतःच स्वतःला गुण देतो, मग बाहेरचे तज्ज्ञ येऊन पडताळतात. प्रत्येक निकषाला १ ते ५. गुण ठरवताना पशुसंवर्धन, शेती, विमानतळ, अर्थ अशी सगळी खाती हजर असावीत, अशी अपेक्षा असते. माझ्या मते ही सक्तीच हवी.

मलेशियात १९९८-९९ मध्ये डुकरांतून माणसांत निपाह विषाणूचा आजार आला, तेव्हा सुरुवातीला तो जपानी मेंदूज्वर समजून डासांवर फवारणी चालली होती. इकडे डुकरं खोकत होती. त्या मेंदूज्वरात मोठी डुकरं सहसा अशी आजारी पडत नाहीत, पण हे सांगणार पशुवैद्यकच ना! शंभरावर माणसं गेली.

आकडेमोड: असहमत. अमेरिकेने २०१६ मध्येच हे मूल्यमापन करून घेतलं, तेही अनेक खात्यांना सोबत घेऊन. २०१९ च्या जागतिक आरोग्य सुरक्षा निर्देशांकात तर पहिला नंबर. कोविडमध्ये दहा लाखांवर मृत्यू. शिवाय खाती वाढली की कोणी आपल्या नावावर २ लागू देत नाही, शेवटी सगळे ३ वर तडजोड करतात.

टिपणवही: अशा एका बैठकीत मी टिपणं घ्यायला होते. प्राण्यांतून माणसात येणारे आजार, हा निकष. आरोग्यवाले ४ वर अडून बसलेले. पशुवैद्यकीय प्रयोगशाळेतल्या बाईंनी एवढंच विचारलं, "शनिवारी रात्री आमच्याकडे नमुना पॉझिटिव्ह आला तर फोन कोणाला लावू?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. गुण २ वर आले. तडजोड नाही हो झाली तिथे.

आकडेमोड: त्या बाई होत्या म्हणून. एरवी बैठकीला कोण येतं? ज्याला त्या दिवशी दुसरं काम नसतं तो! अर्थखात्याचा माणूस सही करतो, चहा घेतो, जातो. पैशाचा शब्द द्यायचा अधिकारच नसतो त्याला. त्यापेक्षा न सांगता रंगीत तालीम घ्या. शनिवारी रात्रीच फोन लावून बघा.

धागाकर्ता: तालीम घ्याच. पण फोन कोणाकोणाला लावायचा ती यादी एकटं आरोग्य खातं करणार असेल, तर त्यात पशुवैद्यक असेल कशावरून? आणि अधिकार नसलेला माणूस येतो, तर अधिकार असलेल्याला बोलवा. बैठकच नको, हे कुठलं उत्तर?