काकांची १९७४ ची डर्टवाली येझदी: ओरिजिनल करू की तशीच ठेवू? आणि बॉम्बे ४ चे जुने डीलर कोणाला आठवतात?

लालबाग_टूस्ट्रोक
नमस्कार मंडळी. मोठ्या काकांची येझदी २५० मोटरसायकल आता माझ्याकडे आलीये. आरसीवर १९७४, पहिल्यापासून एकच मालक. काका गेल्या वर्षी गेले, काकू म्हणाली तूच घेऊन जा, भंगारात नको जायला. पण गाडी शोरूममधून आली तशी नाहीये, काका आणि त्यांचे दोस्त त्या काळात आरे कॉलनी, येऊर, कर्जतच्या बाजूला चिखलात गाड्या घालायचे आणि त्यासाठी त्यांनी ती बदलून घेतली होती. दोन्ही सायलेन्सर वरून घेतलेत, पुढचा मडगार्ड टायरपासून चांगला वीतभर वर, हँडल रुंद, चेनचं बंद कव्हर काढलेलं, मागचं स्प्रॉकेट मोठं. इंजिन फिरतंय, कॉम्प्रेशन आहे, बाकी काही उघडलेलं नाही.
आता घरात दोन मतं. भाऊ म्हणतो पूर्ण ओरिजिनल करून मरून-क्रोममध्ये उभी कर. मला ते मनापासून पटत नाही, काकांनी ती तशी चालवलीच नाही कधी. दुसरं असं की टूलबॉक्समध्ये डीलरची पत्र्याची पट्टी आहे, नाव गंजून गेलंय, फक्त खाली 'बॉम्बे ४' वाचता येतं. तिकडचे जुने जावा-येझदीचे डीलर कोणाला आठवत असतील तर प्लीज लिहा. काका त्या दुकानाबद्दल खूप बोलायचे आणि आम्ही कोणी नीट ऐकून ठेवलं नाही.

खेतवाडीचा_अण्णा
बॉम्बे ४ म्हणजे पोस्टाच्या जुन्या नंबरप्रमाणे आमचा गिरगाव-ऑपेरा हाऊसचा पट्टा. आजही मोटार स्पेअरची दुकानं तिथेच आहेत, फक्त टू-स्ट्रोकवाली हाताच्या बोटावर मोजण्याइतकी राहिली. नाव गेलं असेल तर नुसत्या पट्टीवरून दुकान सांगता येणार नाही, पण ती दुकानं कशी चालायची ते सांगतो.
आधी एक लक्षात घे, ही गाडी म्हैसूरला बनायची तरी तिचं मूळ मुंबईत आहे. पन्नासच्या दशकात चेकोस्लोव्हाकियाहून जावा आणि सीझेड या तिकडच्या मोटरसायकली इथे मुंबईत आणणारे इराणी लोक होते, मग इम्पोर्ट बंद झाली म्हणून त्यांनीच म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना काढला, १९६१ ला पहिल्या गाड्या आल्या आणि १९७३ पासून टाकीवर येझदी नाव आलं. त्यामुळे इथल्या जुन्या डीलरकडे गाडीची माहिती होती ती नुसती पुस्तकातली नव्हती, त्यांच्या मिस्त्रींनी इम्पोर्टेड गाड्या खोललेल्या होत्या.
शोरूम म्हणजे आजच्यासारखं काही नाही रे. पुढे काचेत दोन गाड्या, मागे लाकडी काउंटर, त्याच्यामागे कप्पे आणि प्रत्येक कप्प्यावर पार्ट नंबर. काउंटरवरचा माणूस कॅटलॉग न उघडता नंबर सांगायचा. नवीन गाडी घेतली की मिस्त्री तुम्हाला सीटवर बसवून दाखवायचा, गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की त्याचीच किक होते, आणि क्लच न दाबता नुसत्या पायाने गिअर टाकला तरी पडतो. पहिल्यांदा बघणारा माणूस चाटच पडायचा. आणि टू-स्ट्रोक म्हणून पेट्रोलमध्येच मिसळायचं ऑइल किती ते तर दहादा सांगायचे, कारण तिथेच पोरं पिस्टन जाम करून परत यायची.
शनिवारी संध्याकाळी तुझ्या काकांसारखी मंडळी काउंटरला जमायची. उद्या कुठे जायचं, कोणाकडे जास्तीची क्लच केबल आहे, कोणाचं स्प्रॉकेट झिजलंय, सगळं तिथे ठरायचं. मालक उधारीवर पार्ट द्यायचे, वहीत लिहून. सोमवारी गाडी चिखलाने माखून आली तरी मिस्त्री ओरडायचा नाही, उलट कुठे काय तुटलं ते नीट विचारून घ्यायचा, त्यातूनच तो शिकायचा. तो स्वतः बदल करून द्यायचा, वेल्डिंगवाला शेजारच्याच गल्लीत. तुझ्या गाडीचे बदल अशाच एखाद्या हातचे असणार असं मला वाटतं. ते पुसू नकोस.

ठाणे_डायनॅमो
अण्णांशी शंभर टक्के सहमत. आणि यात भाऊंनी अजून एक गोष्ट बघावी. ज्या वर्षी ही गाडी रस्त्यावर आली त्याच्या आसपास जावा-सीझेड जगात ऑफरोडमध्ये सगळ्यात वर होत्या. सहा दिवसांची ट्रायल म्हणजे देशांच्या टीमची ऑफरोड स्पर्धा, तिची ट्रॉफी चेकोस्लोव्हाकियाच्या टीमने १९७० ते १९७४ अशी सलग पाच वर्षं मारली. त्याआधी मोटोक्रॉसमध्ये, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या रेसमध्ये, ज्योएल रोबेर सीझेडवर २५० सीसीचा वर्ल्ड चॅम्पियन, १९६४, १९६८ आणि १९६९. म्हणजे आपल्याकडच्या पोरांनी येझदी चिखलात घातली ते काही उगाच नव्हतं, त्या घराण्याची गाडीच तशी होती.
आता कामाचं. किक मारून चालवायची घाई नको. इतकी वर्षं उभी असेल तर क्रँकचे ऑइल सील कडक झालेले असणार, तिथून हवा ओढते, हवा-पेट्रोलचं मिक्श्चर पातळ होतं आणि गाडी मस्त पळतेय असं वाटत असतानाच पिस्टन धरतो. आधी सील, मग ठिणगीचे पॉइंट आणि कंडेन्सर, मग सहा व्होल्टचा डायनॅमो चेक कर. लोक डायरेक्ट १२ व्होल्टवर जातात, ते मला आवडत नाही, सहा व्होल्ट नीट लावलं तर चालतं.
ऑइल लिटरला ४० मिली. आणि सध्याचं ई-२० (२० टक्के इथेनॉलवालं) पेट्रोल टाकीत ठेवून देऊ नकोस, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि मुंबईच्या पावसाळ्यात ओलावा काय असतो ते सांगायला नको. चार-पाच दिवस उभी राहणार असेल तर टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरचा बाऊल रिकामा होईपर्यंत चालव, जास्त दिवस असेल तर टाकीही रिकामी कर. रबरचे जुने पाईप बदलच.
एकच बदल मी उलटा करेन, चेन कव्हर. त्या काळात वजन कमी करायला काढायचे, पण जावाचं बंद चेन कव्हर चिखलासाठी फार चांगली गोष्ट आहे, चेन आत कोरडी राहते. मात्र मोठ्या स्प्रॉकेटवर ते बसतंय का बघावं लागेल.

वडाळा_सिंगल
कागदाचं पण बघा, ते कोणी बोललंच नाही. १९७४ म्हणजे ५० वर्षं झाली, त्यामुळे केंद्राच्या २०२१ च्या व्हिंटेज नियमात गाडी बसू शकते. आधीपासून रजिस्टर असेल तर जुना नंबर ठेवता येतो, नव्याने रजिस्टर करणाऱ्यांना व्हीए सिरीज मिळते आणि त्याची फी २० हजार आहे. पण अट अशी की गाडी मूळ रूपात पाहिजे, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको. आणि व्हिंटेज म्हणून केली की रोज चालवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि मेंटेनन्स एवढ्यासाठीच. तुम्हाला रविवारी कर्जतला जायचं असेल तर त्यात न पडता नेहमीचं री-रजिस्ट्रेशन आणि ग्रीन टॅक्सच बरं.
खरा प्रश्न एकच, फ्रेम कापलीय का? बोल्टवर असेल तर सगळं परत करता येतं आणि मग घरात भांडायची गरजच नाही.
अजून एक, आरे आणि येऊरचं विसरा. तिथे जंगल आहे, आता गाड्या घालायच्या नाहीत. कर्जत, मुरबाडकडे कोणाच्या खासगी शेतात मालकाला विचारून चालवा.

लालबाग_टूस्ट्रोक
काल रात्री टॉर्च घेऊन बसलो. फ्रेमला कुठेही कापलेलं नाही! सायलेन्सर क्लॅम्पवर आहेत, मडगार्ड मूळच्याच भोकांत लांब पट्ट्या लावून वर घेतलाय, वेल्डिंग आहे ते फक्त एक्झॉस्टच्या पाईपवर. भावाला दाखवलं, तो पण गप्प झाला आणि म्हणाला मग राहू दे. रंग पण करत नाही, टाकी आतून साफ आणि सील एवढंच आधी. जंगलाचं अगदी बरोबर, तिकडे जाणार नाही.
अण्णा, तुमच्या ओळखीत त्या वेळचे कोणी मिस्त्री अजून असतील तर मला भेटायचंय, रेकॉर्ड करून ठेवतो, मराठीतच.

खेतवाडीचा_अण्णा
एक आहेत, वय झालंय पण बोलायला बसले की थांबत नाहीत. नंबर इथे टाकत नाही, मेसेज करतो. जाताना गाडी घेऊनच जा, फोटो दाखवून ते बोलणार नाहीत, त्यांना हात लावायला लागतो. आणि जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवसाला सगळे जमतात, तिथे अशी चिखलातली गाडी फार कमी दिसते, नक्की आण.

ठाणे_डायनॅमो
माझ्याकडे चेन कव्हरचे दोन्ही अर्धे भाग पडून आहेत, एकाला पोचा आहे पण निघेल. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळाले होते. मागच्या स्प्रॉकेटचे दात मोजून सांग, बसत असेल तर घेऊन जा, पैसे नकोत.