घरी बनवलेला हँडहेल्ड कन्सोल: गेम पळतात पण आवाज अजिबात नाही

पिक्सेल_नऱ्हे:
नमस्कार मंडळी, रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू या छोट्या संगणकावर रेट्रोपाय (जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून हातात धरायचा गेम कन्सोल बनवतोय. २.८ इंची एसपीआय (पिनांवरून चालणारा) डिस्प्ले आहे, सरळ हेडरवर, म्हणजे पायच्या पिनांच्या रांगेवर बसणारा. बटणं, बॅटरी, बूस्ट सर्किट सगळं ओके, फक्त आवाज नाही, साधी खरखर पण नाही. झिरोला हेडफोन जॅक नसतो म्हणून पुण्यातल्या तपकीर गल्लीतून मॅक्स९८३५७ए चा छोटा आयटूएस (डिजिटल आवाज नेणारी जोडणी) अँप बोर्ड आणि ८ ओहमचा स्पीकर आणला, वायरी हेडरला खालून सोल्डर केल्यात, बीसीएलके (क्लॉक) जीपीआयओ म्हणजे पायच्या पिन १८ ला, एलआरसी (डावा-उजवा सिग्नल) १९ ला, डिन (आवाजाचा डेटा) २१ ला, पॉवर ५ व्होल्टवरून. कॉन्फिगमध्ये हायफायबेरी डॅकचा ओव्हरले (आवाजाचा ड्रायव्हर चालू करणारी ओळ) टाकलाय, एप्ले या आवाज वाजवणाऱ्या कमांडच्या लिस्टमध्ये साउंड कार्ड दिसतं, स्पीकर-टेस्ट ही चाचणीची कमांड लावली तर एरर न देता चालत राहते. शनिवारी बुधवार पेठेत जाणार आहे, नवीन बोर्ड आणू का?

कर्वेनगर_काका:
थांब, बोर्डाला पैसे घालू नकोस अजून. आधी स्पीकर सोडव आणि दीड व्होल्टच्या सेलला क्षणभर टेकव, टक्क आवाज आला म्हणजे कॉइल शाबूत. आणि स्पीकरची एकही वायर ग्राउंडला लावलेली नाही ना ते बघ, या अँपचं आउटपुट ब्रिज असतं, दोन्ही टोकं चालू असतात, एक टोक ग्राउंड केलंस तर अँप खराब होऊ शकतो. मग अँपच्या एसडी (चालू-बंद करणाऱ्या) पिनवर मल्टिमीटर लाव. तिथे ०.१६ व्होल्टच्या खाली असेल तर चिप झोपलेली असते आणि पायला त्याचा पत्ताच नसतो.

पिक्सेल_नऱ्हे:
काका स्पीकर टक्क वाजला, ग्राउंडला काही जोडलेलं नाही. एसडी वर ०.४५ च्या आसपास येतंय.

रेट्रो_हडपसर:
०.४५ म्हणजे चिप जागी आहे आणि डावा उजवा दोन्ही चॅनल मिसळून वाजवणार, ते बरोबरच आहे. मला डिस्प्लेवर शंका आहे. हेडरवर बसणाऱ्या बऱ्याच २.८ इंची बोर्डांमध्ये बॅकलाइट जीपीआयओ १८ वरच असतो आणि तुझा बीसीएलके पण तिथेच, वायर वेगळी दिसली तरी पिन एकच. स्पीकर-टेस्ट चालू ठेवून एसएसएच वरून (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पायमध्ये शिरून) पिनकंट्रोल या कमांडने १८, १९, २१ ची अवस्था बघ. तिन्हीपुढे ए० यायला हवं, म्हणजे पिन आयटूएसच्या ताब्यात. कार्ड लिस्टमध्ये दिसणं म्हणजे फक्त ड्रायव्हर लोड झाला, क्लॉक अँपपर्यंत पोचतोय असं त्यातून कळत नाही, आणि बीसीएलके नसला की हा अँप पूर्ण गप्प बसतो, म्हणूनच तुला खरखर पण येत नाहीये.

पिक्सेल_नऱ्हे:
ताई, १९ आणि २१ ला ए० आहे पण १८ समोर ओपी येतंय!!

रेट्रो_हडपसर:
मग सापडलं. ओपी म्हणजे साधं आउटपुट, डिस्प्लेचा ड्रायव्हर बॅकलाइट पेटवायला ती पिन घेऊन बसलाय. ड्रायव्हरमधला बॅकलाइट कंट्रोल बंद कर आणि रीबूट कर. पण तेवढ्यावर सोडू नकोस, क्लॉकची लाइन बॅकलाइटच्या ट्रान्झिस्टरला जोडलेली राहिली तर प्रकाश कमीजास्त होत राहील, म्हणून बोर्डाचं सर्किट बघून १८ कडून बॅकलाइटकडे जाणारी ट्रेस किंवा जंपर तोड. आयटूएस या पायवर दुसरीकडे नेता येत नाही, बॅकलाइट नेता येतो, त्यामुळे हलायचं त्यानेच.

पिक्सेल_नऱ्हे:
आवाज आला!!! जंपर तोडला, बॅकलाइट आता कायम चालू राहतोय, मला चालेल. बोर्ड जुनाच ठेवला. काका, ताई, मनापासून आभार. एकच राहिलं, गेम सुरू होताना आणि बंद होताना फट् असा आवाज येतो.

कर्वेनगर_काका:
क्लॉक सुरू होतो आणि थांबतो त्याचा आहे तो. एएल्साच्या (लिनक्सच्या आवाज यंत्रणेच्या) कॉन्फिगमध्ये डीमिक्स (अनेक आवाज एकत्र वाजवू देणारी सोय) लाव आणि बॅकग्राउंडला एप्लेने डेव्ह-झिरो, म्हणजे नुसती शांतता, सतत वाजत ठेव, म्हणजे क्लॉक कधी तुटणार नाही. बॅटरी किंचित जास्त जाईल. आणि आवाज कमी वाटला तर अँपची गेन (आवाज किती वाढवायचा ते ठरवणारी) पिन ग्राउंडला जोड, ९ डीबीचा १२ होतो.