कला-डिझाइनचं शिक्षण तुम्ही कसं निवडलंत? (अनुभव धागा)

नमस्कार मंडळी. माझी मुलगी यंदा बारावी कॉमर्स झाली. वहीच्या मागच्या पानापासून दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरपर्यंत घरातला एक कागद तिनं कोरा ठेवलेला नाही. तिला कापडावरचं डिझाइन शिकायचंय. सासरे म्हणतात, बी.कॉम. कर, चित्रं फावल्या वेळात काढ. मला दोघांचंही पटतं, आणि फॉर्मची तारीख जवळ येतेय.

आम्ही दांडिया बाजारात राहतो. याच बडोद्यात सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन काढलं, लोकांच्या हाताला कसब यावं म्हणून. दादासाहेब फाळके तिथं शिकून गेले. अशा गावात राहून ‘चित्रकलेवर पोट भरतं का’ याचं उत्तर मला मुलीच्या आजोबांना देता येत नाही, याचं वाईट वाटतं. तुम्ही काय शिकलात, किती दिवस, पैसे किती लागले, पहिली कमाई कधी झाली, ते लिहा. माहितीपत्रकं माझ्याकडे ढीगभर आहेत. मला माणसांचं ऐकायचंय.

बडोद्यातूनच, रावपुरा

ताई, मी आपल्या सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्सची. चार वर्षं तिथल्या पुष्पबाग आवारात काढली, छापचित्रं शिकले. तिथली एक गोष्ट सांगते. लिथोचा, म्हणजे ज्यावर चित्र काढून छापतात तो, दगड चित्र काढण्याआधी घासावा लागतो, कारण त्यावर आधीच्या कुणाचं तरी चित्र असतं. ओल्या दगडावर कार्बोरंडमची खरखरीत पूड टाकायची, वर दुसरा दगड ठेवायचा आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवत राहायचा. राखाडी चिखल होतो. तो धुवायचा, आणखी बारीक पूड टाकायची, पुन्हा फिरवायचा. खांदे भरून येतात. सगळं गेलं असं वाटतं, पण कंटाळा केलात तर तुमच्या छापात जुन्या चित्राची रेघ पुसटशी उमटतेच. मला ते काम आवडायचं. ज्यांना नाही आवडलं, त्यांनी पहिल्याच वर्षी विषय बदलला.

पण हेही सांगायला हवं, की हे नोकरीचं शिक्षण नव्हे. मला नियमित पगार पदवीनंतर तीन वर्षांनी मिळाला. तोवर बाबांच्या पेन्शनवर निभावलं. तेवढी सवड घरात असेल तर तिला प्रवेशपरीक्षेला जरूर बसवा. लवकर कमवायचं असेल तर तिथलाच अप्लाइड आर्ट्स (जाहिरात, मांडणी वगैरे) विभाग बघा.

इंदूर, रामबाग

बाबा गेले तेव्हा मी दहावीत होते. काकांनी सरकारी आयटीआयचा फॉर्म आणून दिला : ड्रेस मेकिंग, एक वर्ष. फी इतकी कमी होती, की आईला कुणापुढे हात पसरावा लागला नाही. मैत्रिणी कॉलेजात गेल्या, मी कात्री आणि ब्राउन पेपर घेऊन निघाले. मॅडमनी माझी पहिली कॉलर चार वेळा उसवायला लावली. दोन टोकांत दोन दोऱ्यांचा फरक होता. मला दिसत नव्हता, त्यांना दिसत होता. चौथ्यांदा उसवताना मलाही दिसला.

मुंढ्याचं, म्हणजे बाही जोडतात तिथलं, माप छातीच्या हिशेबानं काढायला शिकवतात. पण प्रत्येक बाईचा खांदा वेगळा उतरतो, आणि ते हाताखालून शे-दोनशे ब्लाउज गेल्यावरच कळतं. म्हणून कोर्सनंतर दोन वर्षं मी एका रेडिमेडच्या कारखान्यात काम केलं. आज घरी चार मशिनं आहेत, लग्नसराईत कामाला दोघी येतात. आयटीआयला कमी लेखू नका, एवढंच कळकळीनं सांगते.

इंदूर, एक वडील

माझा अनुभव कडू आहे. मुलाला ॲनिमेशन शिकायचं होतं. एका खासगी संस्थेत १ लाख ८० हजार एकरकमी भरले. ‘नोकरीची हमी’ तोंडी होती. वर्षभरात तीन सर बदलले. सॉफ्टवेअरची बटणं शिकवली, पण माणूस चालताना वजन एका पायावरून दुसऱ्यावर कसं जातं, हे कुणी कागदावर काढून घेतलं नाही. मुलाखतीत त्याला नेमकं तेच काढायला सांगितलं. पोरगा घरी येऊन जेवला नाही त्या दिवशी.

ताई, पैसे भरण्याआधी प्रमाणपत्र कोण देणार ते लेखी मागा. दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या मुलांना शोधून त्यांचं काम बघा, भिंतीवर लावलेलं नव्हे. आणि फी हप्त्यानं भरा. मुलगा आता रोज संध्याकाळी स्टेशनवर बसून माणसं रेखाटतो. सहा वह्या भरल्या. हात सुधारलाय, मला चित्रातलं कळत नसलं तरी तेवढं दिसतं.

ग्वाल्हेर, लष्कर

आमचे अण्णा बोर्ड रंगवायचे. आधी भिंतीवर सूत मारून रेघ आखायची, मग शिरोरेघ, मग अक्षरं तिला टांगायची. मी डबे धरायचो. फ्लेक्स आला आणि दोन वर्षांत काम संपलं. मी आयटीआयमधून एक वर्षाचं डीटीपी (कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर लावणं) केलं आणि प्रेसमध्ये लागलो. अण्णा महिनाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत.

पहिल्याच वर्षी माझ्या हातून लग्नाच्या ५०० पत्रिका वाया गेल्या. फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली, जुना फॉण्ट तिथं नव्हता, आणि रफार सगळे पुढच्या अक्षरावर जाऊन बसले. मी स्क्रीनवर बघून ‘ठीक आहे’ म्हटलं होतं. पैसे पगारातून कापले गेले, आणि ते योग्यच होतं. त्या रात्री अण्णांनी पत्रिका हातात घेतली आणि एका नजरेत बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं, अक्षर वाचायच्या आधी बघायचं असतं. तेव्हापासून छपाईला जाणारा प्रत्येक कागद मी प्रूफ काढून त्यांच्यापुढे धरतो. कोर्सनं मला मशीन दिलं. नजर घरातली आहे. तुमच्या मुलीला असं कुणी जवळचं आहे का, तेही बघा.

इंदूर, जुना वाचक

चित्रकार ना. श्री. बेंद्रे मूळ इंदूरचे. इथल्याच चित्रकला शिक्षक देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली शिकले, आणि १९५० मध्ये बडोद्याची फाइन आर्ट्स सुरू झाली तेव्हा तिथं चित्रकला शिकवायला गेले. आपल्या दोन गावांचं हे नातं मुलीच्या आजोबांना जरूर सांगा. इंदूरचेच चित्रकार विष्णू चिंचाळकर गुरुजी तर वाळलेली पानं, बिया, झाडाची साल घेऊन चेहरे उभे करत. शिकायला महागडं सामान लागतं, ही भीती आधी काढून टाका.

इंदूर, सध्या भोपाळला

मी टेक्स्टाइल डिझाइन केलंय, म्हणून तुमच्या लेकीसाठी सविस्तर लिहिते. वर्गात तीन वर्षं कागदावर रिपीट, म्हणजे पुन्हापुन्हा येणारी नक्षी, बसवले, पण कापड काय असतं ते मला धार जिल्ह्यात बाघला कळलं. तिथले खत्री कारागीर लाल रंगासाठी तुरटी आणि चिंचोक्याची खळ वापरतात, काळ्यासाठी लोखंड. छापताना ‘लाल’ लाल दिसतच नाही. मी पहिल्या दिवशी ठसा कुठं बसलाय हेच शोधत होते. मग कापड सुकतं, वाहत्या पाण्यात धुतात, आणि शेवटी तांब्याच्या मोठ्या कढईत आलिझरीन हा रंग आणि धावड्याच्या फुलांबरोबर उकळतात. लाकडानं कापड वरखाली करत राहायचं. वाफेत डोळे चुरचुरतात आणि हळूहळू तुरटीच्या जागी लाल चढतो. काल जिथं माझा ठसा चुकला होता, ती चूकही लालभडक होऊन वर आली.

मला वाटतं, तिनं आधी एखाद्या छपाईच्या कारखान्यात आठ-पंधरा दिवस नुसतं उभं राहावं. एनआयडी, निफ्ट या डिझाइन-फॅशनच्या राष्ट्रीय संस्थांच्या परीक्षा द्याव्यात, आयटीआयचा फॉर्मही भरून ठेवावा, पण हे आधी.

धागाकर्ती, दांडिया बाजार

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्वाल्हेरच्या दादांचं लिहिणं मी सासऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते तरुणपणी पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे, हे घरात आम्ही विसरूनच गेलो होतो. काल त्यांनी कपाटातून पितळी कंपासपेटी काढून नातीपुढे ठेवली. बोलले काही नाहीत.

फाइन आर्ट्सचा आणि आयटीआयचा, दोन्ही फॉर्म भरतोय. भोपाळच्या ताई, बाघला भट्टी चालू असताना जायचंय. कोणत्या महिन्यात यावं? आजोबाही येतो म्हणतायत.