मदत हवी आहे: डबल स्ट्रोलर शेजारी-शेजारी सीटवाली घेऊ की पुढे-मागेवाली?

मुलगा 3 वर्षांचा, मुलगी 8 महिन्यांची. पुढच्या महिन्यात महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई आणि तिथून विमानानं दिल्लीला जायचंय, एरवी रोज संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायलाही लागेलच.

सिंगल स्ट्रोलरला मागं उभं राहायची फळी लावून बघितली, पण महाद्वार रोडच्या गर्दीत पोरगा सारखा उतरतो आणि झोप आली की उभा कसा राहणार, मग धाकटी कॅरिअरमध्ये छातीशी आणि हा कडेवर, पाठीची पार वाट लागते. दुकानात शेजारी-शेजारीवाली टेपनं मोजली, 76 सेंटिमीटर रुंद, आणि आमच्या लिफ्टचं दार 70. पुढे-मागेवाली दारातनं जाते पण लांबलचक आहे, पुढं मोठा बसला की फूटपाथवर चढवताना पुढचं चाक उचलतच नाही.

धाकटीची सीट झोपण्याइतकी मागं जायलाच पाहिजे. गाडी छोटी हॅचबॅक, बजेट 15,000 पर्यंत, सेकंडहँड चालेल. दोन सिंगल घ्या म्हणू नका, बऱ्याचदा मी एकटीच असते पोरांबरोबर.

पुढे-मागेवाली घेऊन रेल्वेनं नि विमानानं प्रवास केलाय का कुणी, धाकटीला कडेवर ठेवून एका हातानं स्ट्रोलरची घडी होते का?