आपल्याकडे म्हणे राजकीय तत्त्वज्ञान नव्हतंच!

हळदबाजार

कालपासून एक पोस्ट फिरतेय. आपल्या सांगलीतलेच स्पर्धा परीक्षेचे एक सर आहेत, नाव घेत नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : राजकीय तत्त्वज्ञान ग्रीकांनी सुरू केलं, युरोपने वाढवलं, प्लेटोपासून रॉल्सपर्यंत आठ-दहा माणसं केली की विषय झाला. आपल्याकडे राजे होते, राजनीती होती, पण राज्य मुळात असावंच का, हे कुणी विचारलं नाही. म्हणून भारतीय विचारवंतांचं प्रकरण खुशाल ऑप्शनला टाका.

खाली पोरांचे जोडलेले हात. ते बघून डोकं फिरलं.

सर, तुमच्या क्लासपासून इस्लामपूर किती लांब हो? तिथे आचार्य शं. द. जावडेकर राहायचे. १९३८ साली त्यांचा 'आधुनिक भारत' आला. सत्याग्रह आणि समाजवाद एकत्र नांदतील का, साध्य चांगलं असलं की साधन कसलंही चालतं का, यावर हा माणूस वर्षानुवर्षं मराठीत लिहीत होता. हे राजकीय तत्त्वज्ञान नाही तर काय पाककृती आहे?

आणि तुमचे ते आठ-दहा तरी निवांत बसून लिहीत होते का? अथेन्सने इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसला विष पाजलं, त्यानंतर राज्य कुणाच्या हाती असावं या विचाराने त्याच्या शिष्याला, प्लेटोला, आयुष्यभर सोडलं नाही. १६४९ ला इंग्रजांनी स्वतःच्याच राजाचं मुंडकं उडवलं. इंग्रज विचारवंत हॉब्ज तेव्हा पॅरिसला पळून जाऊन बसलेला. १६५१ ला त्याचा 'लेव्हायथन' आला : सगळ्यांनी सगळ्यांशी मारामाऱ्या करण्यापेक्षा एकाच्या हाती काठी द्या. १६८९ ला लॉक म्हणाला, काठी आमच्या संमतीने दिलीय, वेडीवाकडी चालवली तर काढून घेऊ. सरकारची घडी विस्कटली की माणूस विचारतो, बाबा तू मला हुकूम सोडणारा कोण आणि मी तो का ऐकू? विषय एवढाच आहे.

मग १९४३ ला आपल्याकडे काय चाललं होतं? तेव्हा सांगली जिल्हा वेगळा नव्हता, यातला बराचसा भाग साताऱ्यातच. येडेमच्छिंद्रचे नाना पाटील भूमिगत, कुंडलला चळवळीचं ठाणं, इंग्रज सरकार कागदावर आणि गावात प्रतिसरकारची, म्हणजे इंग्रजांना डावलून चळवळीने चालवलेल्या सरकारची, न्यायदान मंडळं. इंग्रजांचं ऐकायचं नाही हे ठरलं होतं. मग कुणाचं ऐकायचं आणि कशासाठी, हे गावोगाव बसून ठरवावं लागलं. आणि म्हणे कुणी विचारलं नाही!

मिरज_जंक्शन

त्या पोस्टशी मी सहमत नाही, पण तुमच्याशी त्याहून नाही.

प्रश्न पडणं वेगळं, तत्त्वज्ञान मांडणं वेगळं. प्रश्न आमच्या सोसायटीच्या मीटिंगलाही पडतात. एक दावा, त्याची कारणं, त्यावरचे आक्षेप, आक्षेपांना उत्तर, एवढं असल्याशिवाय मी त्याला तत्त्वज्ञान म्हणणार नाही. हॉब्ज पटत नाही, पण नेमकं कुठे पटत नाही त्यावर बोट ठेवता येतं, इतकं तो स्वच्छ लिहितो. प्रतिसरकारचं असं काही दाखवा. पराक्रम दाखवू नका, तो मान्यच आहे. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची गाडी लुटली, त्यातून राज्यसंस्थेचा सिद्धांत निघत नाही.

कुणीतरी कौटिल्य घेऊन येणारच, म्हणून आधीच सांगतो. शामशास्त्रींना म्हैसूरला त्याच्या 'अर्थशास्त्रा'चं हस्तलिखित मिळालं १९०५ मध्ये, छापलं १९०९ ला, आणि तेव्हापासून आपण 'आमच्याकडेही होतं' म्हणत फिरतोय. ग्रंथ जबरदस्त, वादच नाही. पण मत्स्यन्यायाने, म्हणजे मोठा मासा लहान्याला गिळतो त्या कारभाराने, गांजलेल्या लोकांनी मनूला राजा केलं आणि धान्याचा सहावा हिस्सा देऊ केला, ही जी गोष्ट 'भारतीय सामाजिक करार' म्हणून मिरवली जाते, ती कौटिल्य कुणाच्या तोंडी घालतो? हेरांच्या! गर्दीत जाऊन दोघांनी लुटुपुटीचं भांडण करायचं. एकाने राजाला नावं ठेवायची, दुसऱ्याने ही गोष्ट सांगून त्याला गप्प करायचं. याला करार म्हणत नाहीत, आयटी सेल म्हणतात.

वाईचा_घाट

आयटी सेलला हसलो. पण हेरांनी हीच गोष्ट का निवडली? लोकांना पटेल म्हणूनच ना? म्हणजे राजा आपण नेमलाय आणि कर ही त्याची मजुरी आहे, ही समजूत लोकांत आधीपासून होती. बौद्धांच्या दीघनिकायातलं अग्गञ्ञसुत्त काढा. चोऱ्या सुरू होतात, लोक जमतात, आपल्यातल्याच एकाला निवडतात. त्याने शिक्षा करायची, लोकांनी त्याला तांदळाचा वाटा द्यायचा. हा महासंमत. ना देवाने धाडलेला, ना वंशाने आलेला.

तरी युक्तिवाद कुठेय म्हणाल, म्हणून बौद्ध आचार्य आर्यदेव. 'चतुःशतका'त तो थेट राजालाच विचारतो : तू समूहाचा दास, सहाव्या हिश्श्यावर पोसलेला, तुला गर्व कसला? बाबासाहेब कोलंबियात अमेरिकन तत्त्वज्ञ ड्यूईंकडे शिकले आणि १९५४ ला रेडिओवर सांगितलं, की स्वातंत्र्य, समता, बंधुता मी फ्रेंच राज्यक्रांतीतून उचलली नाही, बुद्धाकडून घेतली. ते पहिल्यांदा इंग्रजी शाळेत गेले ते साताऱ्यात, १९०० साली. हे प्रकरण ऑप्शनला टाका म्हणे.

अवांतर : विश्वकोशाचं काम आमच्या वाईतून चाललं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्रींनी उभं केलं. प्राज्ञपाठशाळेत शिकलेला शास्त्री पुढे रॉयवादी, म्हणजे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचा, झाला, यावर एक अख्खा धागा निघेल. पण आमच्याकडे येणारा पाहुणा ढोल्या गणपतीपुढे सेल्फी काढतो आणि पाचगणीला स्ट्रॉबेरी खायला पळतो. मागे एकाला हे सांगत होतो, तर म्हणाला, 'इथे कुठल्या सिनेमाचं शूटिंग झालं ते सांगा.'

मिरज_जंक्शन

आर्यदेव चांगला आहे. एक वाक्य सापडलं, अभिनंदन. दासाने नीट काम केलं नाही तर त्याला काढायचा कुणी आणि कसा, हे दुसरं वाक्य सापडलं की कळवा.

पुढच्या_वर्षी_नक्की

सर लोकहो, मी त्याच पोस्टवर हात जोडलेला मुलगा. हसू नका. आमच्या क्लासच्या नोट्समध्ये 'रूसो – १७६२ – सामाजिक करार – सामूहिक ईहा' एवढी ओळ आहे. सामूहिक ईहा म्हणजे काय विचारलं, तर 'परीक्षेला व्याख्या येत नाही, जोड्या लावा येतात' असं उत्तर मिळालं. फी मात्र पूर्ण घेतली. इथे वाचतोय ते पहिल्यांदाच कळतंय की ही माणसं कुणावर तरी चिडून लिहीत होती.

खटाव_माण

आरं तुमी सगळी भांडताय आन औंध संस्थान इसरलात व्हय? ह्यो मिरजवाला कागूद मागतोय न्हवं, घे की कागूद. १९३९ ला औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सोताची सत्ता सोडून रयतेला राज्यघटना दिली. गांधीजींचा सल्ला, मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा माणूस मदतीला, राजाचा पोरगा आप्पासाहेब पुढं हुता. गावानं पंचायत निवडायची, पंचायतीतनं तालुका, तालुक्यातनं वरची सभा. म्हंजी सत्ता खालनं वर. आटपाडीला स्वतंत्रपूर काढलं, कैद्यांना बिनभिंतीच्या जागंत शेती करायला ठिवलं. राजानं आपनहून खुर्ची सोडली, असं त्या प्लेटोच्या गावात कंदी झालं हुतं का? लोक औंधला येत्यात, यमाईला जात्यात, म्यूझियम बघत्यात, सूर्यनमस्काराचा राजा म्हनत्यात आन जात्यात. घटनंचं नाव कुनी काडत न्हाय.

मिरज_जंक्शन

औंध अर्धं मान्य. घटना लेखी आहे, विचार आहे. पण राजाने दिली म्हणून मिळाली. द्यायची नाही असं त्याने ठरवलं असतं, तर?

वाळव्याची_सून

हॉब्ज-लॉक बाजूला ठेवा जरा. माझ्या आजेसासूबाईंचं लग्न त्या धामधुमीत गांधी पद्धतीने झालं. हुंडा नाही, वाजंत्री नाही, सुताचे हार आणि वऱ्हाडाच्या हातावर गूळ. थोरल्या लेकीच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी रान सावकाराकडे गहाण टाकलेलं, ह्या वेळी उरलेलं टाकायला निघाले होते. चळवळीतली माणसं घरी येऊन बसली आणि म्हणाली, सावकाराची पायरी चढायची नाही. चढले नाहीत. रान राहिलं. आजेसासूबाई मात्र शेवटपर्यंत कुरकुरायच्या, 'माझ्या लग्नात शालू न्हवता.'

आता सांगा, लग्नात किती उधळायचं हे सरकारने सांगावं का? तुमचा तो व्यक्तिस्वातंत्र्यवाला मिल म्हणेल, नाही. मी म्हणते, सांगावं. आमच्या भावकीत परवा लग्न झालं. वरात ट्रॅक्टरवर, वर ड्रोन, डीजेने शेजारच्या म्हातारीची छाती धडधडायला लागली. ऊसबिलाचा पहिला हप्ता तिथेच संपला.

कराडकर_काका

ताई, तुमच्या वाट्याला गूळ आला, आमच्या वाट्याला काठ्या.

माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाला रात्री चौघांनी उठवून नेलं. चळवळीचं नाव सांगितलं, 'तू पोलिसांचा खबऱ्या' म्हणाले आणि तळपायावर मारलं. खरं भांडण सामाईक विहिरीच्या पाळीवरून होतं, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. ते चौघे चळवळीतले होते की नुसते नाव सांगणारे, हे त्यांना कळायचा मार्गच नव्हता. दाद मागायची कुणाकडे? इंग्रजांकडे गेलं तर खबऱ्या असल्याचं सिद्धच झालं. मी लहान असताना ते ओट्यावर बसायचे, वैशाखातसुद्धा पायात लोकरी मोजे. त्यामुळे 'गावोगाव बसून ठरवलं' वगैरे वाचलं की माझं डोकं उठतं. ठरवणारे कोण होते आणि कुणाला बसू दिलं, ते आधी सांगा.

हळदबाजार

काका, वयाने मोठे आहात म्हणून जपून बोलतो. चार भामट्यांनी नाव वापरलं याचा ठपका चळवळीवर? प्रतिसरकारने दरोडेखोरांचाच बंदोबस्त केला होता. घरदार सोडून उसाच्या फडात रात्री काढलेल्या माणसांबद्दल आपण गादीवर लोळत बोलतोय याचं भान ठेवा.

कराडकर_काका

गादीवर लोळत तू बोलतोस, मी शेतावरनं बोलतोय. ठपका ठेवला नाही, प्रश्न विचारलाय. प्रश्न विचारला की 'चळवळीचा अपमान' म्हणायचं, मग इंग्रजांत आणि तुझ्यात फरक काय?

वाळव्याची_सून

दोघांनीही चहा घ्या.

आणि काका, त्या काळात दिवाणी कोर्टात बांधाची केस घातली की नातू निकाल ऐकायचा. मंडळासमोर दोन्ही बाजू त्याच पारावर, साक्षीला अख्खा गाव, खोटं बोलला तर दुसऱ्या दिवशी तोंड दाखवायची सोय नाही. माझ्या माहेरी एक वाटणी तशीच झालीय, आजही कुणी बदललेली नाही.

मिरज_जंक्शन

काकांनी जे सांगितलं, नेमकं तेच लॉकचं दुखणं आहे. राज्य नसताना गुन्हेगाराला शिक्षा द्यायचा हक्क प्रत्येकाला असतो, असं तो मानतो. पण मग प्रत्येक जण स्वतःच्याच भांडणात न्यायाधीश होतो, रागाच्या भरात जास्त मारतो, आपल्या माणसाला सोडतो. म्हणून ठरलेला कायदा हवा, तिऱ्हाईत न्यायाधीश हवा आणि निकाल अमलात आणायला बळ हवं. विहिरीच्या पाळीत ज्याचं पाणी अडकलंय, त्यानेच खबऱ्या ठरवला, ही १९४३ ची गोष्ट लॉकने आधीच लिहून ठेवलीय. यासाठी वाचायची ही माणसं.

हळदबाजार

आणि त्याच लॉकचे रॉयल आफ्रिकन कंपनीत पैसे गुंतलेले होते, गुलामांचा व्यापार करणारी कंपनी. संमतीचा बाप! बाकी काकांच्या विहिरीवर तुम्ही लॉक लावलात, त्याने काही सुटलं, काही नाही. आता गावातले पंच तिऱ्हाईत कसे असणार, सगळेच एकमेकांचे सोयरे, यावर तुमचा लॉक काय म्हणतो? याचं उत्तर कुंडलच्या परिसरातल्या माणसांना शोधावं लागलं, त्याला नाही. तुमच्या व्याख्येप्रमाणे दावा, आक्षेप, उत्तर, सगळं आलं या धाग्यात. फक्त एकही गोरा माणूस मध्ये नव्हता.

मिरज_जंक्शन

लॉक मीच आणला, विसरलात. पण ठीक आहे. जावडेकर धरले, आर्यदेव सव्वा धरला, औंध अर्धं. न्यायदान मंडळं अजून नाहीत, कारण त्यांनी कुठल्या नियमाने निकाल दिले हे आपल्यापैकी कुणीच सांगितलं नाही. शालूची आणि मोज्यांची गोष्ट सांगितलीत, दोन्ही खऱ्या, पण त्यातून नियम कळत नाही.

वाळव्याची_सून

माहेरच्या त्या वाटणीचा कागद थोरल्या काकांच्या ट्रंकेत आहे. पंचांच्या सह्या, काहींचे अंगठे, आणि का म्हणून असं वाटलं त्याची दोन-तीन कारणं लिहिलेली. दिवाळीला गेले की फोटो टाकते. ओळखीची नावं झाकून.

कराडकर_काका

टाका. आणि पंचांत एखादी बाई होती का, तेही बघा. आमच्या घरचं कुणी पंच नव्हतं एवढं मला पाठ आहे.