मदत हवी आहे: दरखास्त ६ महिन्यांत निकाली काढण्याच्या आदेशाचा आम्हाला उपयोग होईल का?

नमस्कार. दिवाणी कोर्टाचं काम जवळून पाहिलेल्यांनी कृपया सांगावं.

बाबांनी १९९८ मध्ये तालुक्याच्या कोर्टात घराच्या कब्जाचा दावा लावला. २०११ ला आमच्या बाजूने हुकूमनामा (कोर्टाचा अंतिम आदेश) झाला, २०१७ ला समोरच्यांचं अपील फेटाळलं गेलं, २०१८ ला दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल केली. २०२२ मध्ये कब्जा वॉरंट निघालं. बेलीफ, दोन पंच आणि बाबा गेले, तर दारात प्रतिवादीचा पुतण्या. "पुढची खोली काकांनी मला २००५ लाच देऊन टाकली, मी दाव्यात पक्षकारच नव्हतो." बेलीफने तसा अहवाल लिहिला आणि वॉरंट परत गेलं. बाबांनी दाराला लावायला नवं कुलूप नेलं होतं. ते अजून खोक्यातच आहे, किल्ल्यांची तारही सोडलेली नाही.

अडथळ्याबद्दल आम्ही अर्ज दिला, पुतण्याचं लेखी म्हणणं आलं, आणि तेव्हापासून नुसत्या तारखा. बाबा ७८ वर्षांचे आहेत. घर त्यांच्या हयातीत ताब्यात यावं, एवढंच मला हवंय.

राहुल शाह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दरखास्तीला ६ महिन्यांची मुदत घातली. ६ मार्च २०२५ ला पेरियाम्मल प्रकरणात न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांनी ती पुन्हा बजावली, आणि उच्च न्यायालयांना सगळ्या प्रलंबित दरखास्तींची माहिती मागवायला सांगितलं. तरी त्या ऑक्टोबरात देशभर ८ लाख ८२ हजारांवर दरखास्ती पडून असल्याचं समोर आलं. वकीलसाहेब म्हणतात, "वेळ लागतोच." हे निकाल दाखवून काही मागता येईल का?

प्रतिसाद

ताई, मागता येईल. पण नुसती निकालाची प्रत लावू नका. राहुल शाहमध्ये मुदत वाढवायची तर कारणं लेखी नोंदवली पाहिजेत, असं आहे. म्हणून आधी दरखास्तीच्या संपूर्ण रोजनाम्याची (प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या नोंदींची) नक्कल काढा. कुठल्या तारखेला कोणी मुदत मागितली, कोर्टाने काय लिहिलं, ते त्यात दिसेल. त्याच्या आधारावर लवकर सुनावणीचा अर्ज द्या, बाबांच्या वयाचा पुरावा जोडा.

खरी गोष्ट मात्र वेगळीच आहे. तुमचा दावा १९९८ चा आणि पुतण्या म्हणतो खोली २००५ ला मिळाली. म्हणजे दावा चालू असताना! दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ नियम १०२ प्रमाणे, दावा दाखल झाल्यावर ऋणकोकडून (ज्याच्याविरुद्ध हुकूमनामा झाला त्याच्याकडून) मिळकत घेतलेल्याला कब्जा अडवण्याचं संरक्षण मिळत नाही. त्याचं स्वतःचं म्हणणंच त्याच्या विरोधात जातं. वकीलसाहेबांना आधी हे विचारा. पेरियाम्मलमध्येही कब्जा अडवणारे मिळकत विकणाऱ्यांचे पुतणेच होते, फक्त ते कूळ असल्याचं सांगत होते. तुमचा पुतण्या असा वेगळा, स्वतंत्र हक्क सांगू लागला तर पुरावा घ्यावा लागेल. तोही नियम १०१ खाली याच दरखास्तीत, त्यासाठी नवा दावा लागत नाही.

पोलीस बंदोबस्त राहुल शाहमध्येही मान्य आहे, पण त्याशिवाय अंमल होणार नाही असं कोर्टाला पटावं लागतं. बेलीफचा अहवाल तिथे कामाला येईल.

धागाकर्ती

मनापासून आभार. २००५ आणि १९९८ हे शेजारी ठेवून आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. आत्ताच त्याचं म्हणणं काढून वाचलं. दुसऱ्या परिच्छेदात "सन २००५ मध्ये तोंडी बक्षीस" असं स्पष्ट लिहिलंय. सोमवारी रोजनाम्याच्या नकलेसाठी अर्ज करते. त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारून ठेवली आहे, वकीलसाहेबांना दाखवायला.