पर्यावरणवादी, निसर्गप्रेमी की निसर्गवादी?

प्रश्न : मुलुंडमधील आमच्या शाळेच्या भित्तिपत्रकासाठी मी सालिम अली यांच्यावर टिपण लिहीत आहे. निसर्गविषयक पुस्तकांची गोडी मला त्यांच्यामुळेच लागली. मसुद्यात मी त्यांना एके ठिकाणी ‘पर्यावरणवादी’ आणि दुसरीकडे ‘निसर्गप्रेमी’ म्हटले आहे. सहकारी शिक्षिकेने ‘निसर्गवादी’ हा शब्द सुचवला. हे तिन्ही शब्द समानार्थी मानावेत का? शिवाय, ‘मी त्यांची चाहती आहे’ हे वाक्य मला खटकते आहे.

उत्तर : ‘निसर्गवादी’ आधी बाजूला ठेवावा, कारण तो शब्द मराठीत पूर्वीच दुसऱ्या कामाला लागलेला आहे. साहित्यसमीक्षेत निसर्गवाद म्हणजे एमिल झोलाच्या कादंबऱ्यांशी जोडलेला संप्रदाय, आणि शिक्षणशास्त्रात रूसोचा विचार, बी.एड. केलेल्या वाचकाला तर दुसराच अर्थ आधी आठवेल. दोहोंचा पक्ष्यांशी काही संबंध नाही.

‘प्रेमी’ भावना सांगतो, काम सांगत नाही. सालिम अलींच्या बाबतीत हा शब्द विशेष तोकडा पडतो. खेतवाडीत वाढलेल्या या मुलाने लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी टिपली, तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग पाहून ती ओळखून घेण्यासाठी तो १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला, आणि पुढचे सारे आयुष्य त्या ओळखण्याच्या शास्त्रातच रमला. शिकारीची आवड आणि पक्ष्यांचा अभ्यास त्यांच्यात बराच काळ एकत्र नांदले. हे ‘निसर्गप्रेमी’ म्हणून झाकण्यापेक्षा ‘पक्षिशास्त्रज्ञ’ म्हणून नीट सांगावे.

‘पर्यावरणवादी’ त्यांना लागू पडतो, परंतु त्यांच्या उत्तरायुष्याला. भरतपूरचे पाणपक्ष्यांचे आश्रयस्थान टिकावे आणि केरळातील सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणाखाली जाऊ नये, यासाठी त्यांनी आपले वजन खर्च केले. ‘वादी’ या उत्तरपदात भूमिका घेणे, ती मांडणे आणि वेळ पडल्यास सत्तेला विरोध करणे अभिप्रेत असते. १९४१ साली निघालेल्या त्यांच्या भारतीय पक्ष्यांवरील इंग्रजी पुस्तकाविषयी लिहिताना मात्र हा शब्द वापरला, तर तो काळाच्या दृष्टीने विजोड वाटेल.

दुसरे उत्तर : वरील विवेचनाशी सहमत आहे, परंतु मुंबईच्या वृत्तपत्रांनी ‘प्रेमी’ आणि ‘वादी’ यांतील भेद जवळजवळ पुसून टाकला आहे, हेही नोंदवावे लागेल. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतील झाडे रात्रीतून तोडली गेली, तेव्हा विरोध करणाऱ्यांसाठी हे दोन्ही शब्द सर्रास वापरले गेले. त्याच आंदोलनात उतरलेले आरेच्या पाड्यांवरील वारली मात्र बातम्यांत बहुधा ‘स्थानिक आदिवासी’च राहिले. ‘पर्यावरणवादी’ हे बिरुद शिकलेल्या, शहरी माणसासाठी राखून ठेवल्यासारखे वापरले जाते, आणि हा दोष शब्दाचा नसून आपल्या वापराचा आहे, असे मला वाटते.

‘चाहती’ खटकतो, कारण तो नट, गायक आणि क्रिकेटपटूंच्या सहवासात वाढलेला शब्द आहे. व्यासंगी माणसाविषयी मराठीत ‘मानणे’ हे फार चांगले क्रियापद आहे. ‘मी त्यांना फार मानते’ या वाक्यात आदर आहे, त्यांचे म्हणणे पटल्याची कबुली आहे आणि भाबडेपणा नाही.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. टिपणाच्या शेवटी मला वाचनासाठी मराठी पुस्तकेही सुचवायची आहेत. त्यांना ‘पर्यावरणविषयक साहित्य’ म्हणावे का?

उत्तर : सरसकट म्हणू नये. दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ सालचे आहे. वर्षातील महिन्यांचे ते ललित गद्य कोणत्याही चळवळीची बाजू मांडत नाही, त्यामुळे त्याला ‘निसर्गलेखन’ म्हणणेच योग्य. पश्चिम घाटाच्या संरक्षणाचा ऊहापोह करणारे पुस्तक असेल, तर ‘पर्यावरणविषयक’ म्हणावे.

जाता जाता शुद्धलेखनाविषयी थोडेसे. ‘पक्षी’ हा शब्द सुटा लिहिताना दीर्घ असला, तरी समासाच्या पूर्वपदी तो ऱ्हस्व होतो. म्हणून ‘पक्षिशास्त्रज्ञ’, ‘पक्षिनिरीक्षण’ आणि ‘पक्षिमित्र’. विद्यार्थ्यांना हा नियम पटत नसेल, तर भायखळ्याच्या राणीच्या बागेचे उदाहरण द्यावे : ‘प्राणी’ दीर्घ, परंतु ‘प्राणिसंग्रहालय’ ऱ्हस्व.